रंग आणि तेल : एका लाकडी पायरीचा इतिहास

मराठी भाषेने पायरीला मोठा मान दिला आहे. ‘आपली पायरी ओळखून वागावे’ असे आपण म्हणतो आणि ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे एकमेकांना बजावतो. बोलण्यात इतक्या सहजपणे येणाऱ्या या पायरीकडे प्रत्यक्षात मात्र कोणाचे फारसे लक्ष नसते. घराच्या भिंती, कौले, दारे यांची निगा आपण राखतो. अंगणातून ओटीवर किंवा बाहेरच्या बाजूने माडीवर नेणारी लाकडी पायरी आठवते ती बहुधा मोडल्यावरच.

वास्तविक घरातल्या कोणत्याही लाकडापेक्षा या पायरीचे जीवन खडतर असते. छपराच्या वाशाला पाऊस क्वचित लागतो. दाराला ऊन लागते, पण त्यावरून कोणी चालत नाही. बाहेरची पायरी ऊन, पाऊस आणि माणसाचे पाऊल हे तिन्ही आघात एकत्र सोसते. मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीतील ईस्ट इंडियन बांधवांच्या जुन्या घरांना पुढे व्हरांडा असतो आणि माडीवर जाणारा जिना घराबाहेरून असतो. आपल्या अनेक गावांतही असे जिने होते आणि काही अद्याप उभे आहेत. नाताळ जवळ आला की त्यांच्यावर रंगाचा एक नवा थर चढतो. वर्षानुवर्षे थर चढत जातात, पायरी लखलखीत दिसते आणि एके दिवशी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या पायाखाली ती खचते. तेव्हा कळते की वर रंग शाबूत होता, आतले लाकूड मात्र केव्हाच कुजले होते.

मग पायरीला रंग द्यावा की तेल? हा प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे आठ-नऊशे वर्षांचा लेखी इतिहास आहे. त्या इतिहासाचे सांगणे असे की रंग आणि तेल ही मुळात एकाच कुळातील दोन भावंडे आहेत. त्यांची ताटातूट विसाव्या शतकात झाली आणि कोणी कोठे काम करावयाचे याचे ज्ञान त्या ताटातुटीत हरवले.

पायरीचे दुखणे

इतिहासाकडे वळण्यापूर्वी लाकडाचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. लाकूड म्हणजे सूक्ष्म नळ्यांची जुडी. या नळ्यांनी जिवंत झाडात पाणी वाहून नेले. झाड तोडल्यावरही त्या पाणी ओढतातच. फळीच्या पृष्ठभागातून पाणी सावकाश शिरते. जेथे फळी आडवी कापलेली असते त्या टोकांतून मात्र ते कित्येक पटींनी वेगाने शिरते. पाणी शिरले की लाकूड फुगते, गेले की आकसते. हे फुगणे सर्व दिशांनी सारखे नसते. वर्तुळाकार कड्यांच्या दिशेने ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे फळी वाकते, चिरते, सांधे उघडतात. लाकडातील ओल शेकडा २० च्या आत राहिली तर कुजविणाऱ्या बुरशीला त्यात जगता येत नाही. ओल शेकडा ३० च्या आसपास दीर्घकाळ राहिली की कुजणे सुरू होते.

रंग हा लाकडावर बसणारा पापुद्रा आहे. तो पाऊस अडवितो आणि त्यातील रंगद्रव्य सूर्याच्या किरणांपासून लाकडाचे रक्षण करते. परंतु लाकूड हलते आणि पापुद्रा एका मर्यादेपलीकडे हलत नाही. मग सांध्याशी केसाएवढी फट पडते. पाण्याला आत येण्यास तेवढी फट पुरते. बाहेर पडण्यास मात्र सारा पृष्ठभाग मोकळा लागतो आणि तो तर रंगाने बंद केलेला असतो. त्यातच पावलांखाली रंग मधोमध झिजतो आणि पाण्याला आणखी एक वाट मिळते.

तेलाचा स्वभाव वेगळा. ते लाकडात मुरते. वर जाड पापुद्रा नसल्यामुळे सोलून निघण्याचा प्रश्न येत नाही. झिजले की पुन्हा लावता येते, आधीचा थर खरवडावा लागत नाही. मात्र नुसत्या तेलाला उन्हाचे किरण अडविता येत नाहीत, ते लवकर उडून जाते आणि आपल्या पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. थोडक्यात, दोघांचेही गुण आहेत आणि दोघांच्याही मर्यादा आहेत.

मठातील एक कृती

बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस नावाच्या एका धर्मगुरूने लॅटिन भाषेत विविध कलांविषयी एक ग्रंथ लिहिला. हा धर्मगुरू जर्मन प्रदेशातील बेनेडिक्टाइन मठवासी असावा, असे अभ्यासक मानतात. ग्रंथाचे तीन भाग आहेत : पहिला रंगकामाचा, दुसरा काचकामाचा आणि तिसरा धातुकामाचा. ख्रिस्तमंदिर सजविण्यासाठी लागणाऱ्या जवळजवळ सर्व कलांची कृती त्यात आहे. लिहिणारा स्वतः हाताने काम करणारा होता हे वाचताना पानोपानी जाणवते.

पहिल्या भागात लाकडी दारे तांबडी रंगविण्याचे एक प्रकरण आहे आणि आपल्या विषयाचे मूळ त्यात सापडते. जवस घ्यावा, पाण्याशिवाय कढईत विस्तवावर भाजावा, खलात बारीक कुटावा, थोडे पाणी घालून पुन्हा चांगला तापवावा, नव्या कापडात बांधावा आणि घाण्यात पिळून तेल काढावे. या तेलात शेंदूर किंवा हिंगूळ दगडावर पाणी न लावता वाटावा, ब्रशाने दारावर लावावा आणि उन्हात वाळू द्यावा. मग दुसरा हात द्यावा, तोही वाळवावा आणि शेवटी रोगण चढवावे. एवढीच ती कृती. परंतु तिच्यात एक मोठे तत्त्व सामावले आहे. ज्याला आपण रंग म्हणतो तो म्हणजे तेलात वाटलेली पूड होय. तेल लाकडात मुरते आणि पूड वर राहून उन्हाला अडविते. आजच्या रंगाऱ्याला दोन डबे वाटतात, ते थिओफिलसच्या दृष्टीने एकच द्रव्य होते.

हा धर्मगुरू तेलाची अडचणही लपवीत नाही. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, म्हणून चित्रांसाठी हे काम फार वेळखाऊ आणि कंटाळवाणे आहे, असे तो स्पष्टपणे नमूद करतो. दारासाठी मात्र तो तेलच सांगतो. दार उन्हात ठेवता येते आणि दाराला घाई नसते.

या ग्रंथाला पुढे एक वेगळेच महत्त्व आले. इटालियन चरित्रकार वासारी याने १५५० मध्ये तैलरंगाच्या शोधाचे श्रेय यान व्हान आइक या पंधराव्या शतकातील चित्रकाराला दिले होते आणि जगाने ते मान्य केले होते. १७७४ मध्ये जर्मन नाटककार लेसिंग वोल्फेनबुटेलच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल असताना त्याने थिओफिलसच्या हस्तलिखिताकडे विद्वानांचे लक्ष वेधले. व्हान आइकच्या जन्माच्या कितीतरी आधी एक मठवासी जवसाच्या तेलात रंग वाटीत होता, हे त्यातून सिद्ध झाले. २००८ मध्ये तर अफगाणिस्तानातील बामियानच्या गुहांमधील सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत सुकणारी तेले आढळल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. म्हणजे ही विद्या कोणा एका देशाची किंवा एका धर्माची मिरास नाही.

जवसाच्या तेलाचे वैशिष्ट्य असे की ते पाण्याप्रमाणे उडून जाऊन सुकत नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून घेते आणि स्वतः घट्ट होते. क्रिकेटच्या नव्या बॅटला बेलतेल पाजणाऱ्या आपल्या मुलांना हे अनुभवाने ठाऊक असते. ते बेलतेल म्हणजे जवसाचेच तेल. जवस आपल्या विदर्भात पिकतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कलकत्ता या बंदरांतून जवसाचे बी मोठ्या प्रमाणावर युरोपला जात असे. परदेशातील कित्येक दारा-खिडक्यांच्या रंगात आपल्या काळ्या मातीचा अंश असणार.

नॉर्वेची लाकडी ख्रिस्तमंदिरे

बाहेरचे लाकूड किती काळ टिकू शकते, याचा दाखला नॉर्वेत आहे. उर्नेस येथील ख्रिस्तमंदिर सुमारे ११३० चे आणि बोरगुंड येथील सुमारे ११८० चे. दोन्ही पूर्णपणे लाकडी, दोन्ही आज उभी. नॉर्वे १५३७ पर्यंत कॅथोलिक होते. त्या काळात अशी शेकडो मंदिरे बांधली गेली. त्यांपैकी २८ शिल्लक आहेत. उर्नेसला १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

या मंदिरांच्या दीर्घायुष्याची दोन कारणे सांगता येतात. पहिले कारण बांधणीचे. त्यांच्या पूर्वीच्या मंदिरांचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि ते बुडाशी कुजत. पुढच्या सुतारांनी दगडी पायावर आडवी तुळई ठेवून तिच्यावर खांब उभे केले. लाकडाचा मातीशी संबंध तुटला आणि मंदिराचे आयुष्य शतकांनी वाढले. दुसरे कारण निगेचे. पाइन वृक्षाची राळयुक्त मुळे आणि बुंधे खड्ड्यात रचून, वरून माती लिंपून मंद जाळीत आणि त्यातून पाझरणारे डांबर गोळा करीत. ते गरम करून भिंतींना आणि छपराच्या फळ्यांना लावीत. डांबर कायमचे टिकत नाही. ऊन ते खाऊन टाकते. म्हणून ठरावीक वर्षांनी ते पुन्हा लावावे लागे आणि आजही लावले जाते. आठशे वर्षांपूर्वीचे लाकूड टिकले ते कोणत्याही एका अमर लेपामुळे नाही. प्रत्येक पिढीने आपल्या पाळीचा हात दिला म्हणून ते टिकले. नोहाच्या तारवालाही आतून व बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा असल्याचे आपण उत्पत्तीच्या पुस्तकात वाचतोच.

शेजारच्या स्वीडनमध्ये रंगाचा दुसरा धडा मिळतो. तेथील खेड्यांतली घरे तांबडी दिसतात. हा तांबडा रंग फालूनच्या तांब्याच्या खाणीतील टाकाऊ मातीपासून होतो. पाणी, राईचे पीठ, लोहाचे एक क्षार, ही माती आणि थोडे जवसाचे तेल एकत्र शिजवून तो करतात. खाण १९९२ मध्ये बंद झाली, पण रंग अजून निघतो. या रंगाचा पापुद्रा बंदिस्त नसतो. लाकडातली ओल त्यातून बाहेर पडू शकते. परंतु तो अंगाला, कपड्याला लागतो. म्हणून भिंतीला तो शोभतो, पायरीला किंवा कठड्याला चालत नाही. तेथील नावाडी आपल्या होड्यांना जवसाचे तेल, पाइनचे डांबर आणि टर्पेंटाइन समभाग मिसळून लावीत. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव होड्यांना माशांचे तेल आणि काजूच्या टरफलांचे तेल लावीत आले आहेत. समुद्र वेगळे, झाडे वेगळी, पण अनुभवाने सुचलेला मार्ग एकच.

जहाजाची शिकवण

रंग कोठे आणि तेल कोठे, हा विवेक सर्वांत काटेकोरपणे पाळला गेला तो लाकडी जहाजांवर. जहाजाच्या बाहेरील अंगाला तेलात वाटलेला रंग असे. दोरखंडांना डांबर असे. मात्र ज्या फळ्यांवर खलाशी दिवसरात्र चालत, त्या डेकवर रंग नसे. ओल्या रंगावर पाय घसरतो आणि पायाखालचा रंग असमान झिजतो, हे दर्यावर्दी लोकांना पुरते ठाऊक होते. डेक वाळू आणि मऊ दगडाने घासून उघडा ठेवीत. इंग्रज खलाशी गुडघ्यांवर बसून हे घासत असल्यामुळे त्या दगडांपैकी मोठ्यांना थट्टेने ‘बायबल’ आणि लहानांना ‘प्रार्थनापुस्तक’ म्हणत.

या इतिहासात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात. १८१७ मध्ये येथे पाण्यात उतरविलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आज तरंगत्या अवस्थेत पाहावयास मिळते. सागवानात निसर्गतःच तेल असते, त्यामुळे ते कुजण्यास आणि वाळवीस दाद देत नाही. आपल्या जुन्या जिन्यांच्या पायऱ्या सागवानी असतील तर त्यांना वरून रंगाची फारशी गरजच नसते. सागाचे तेलकट अंग रंगाला नीट धरूही देत नाही.

भावंडांची ताटातूट

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत लाकडी घरे, त्यांचे व्हरांडे आणि व्हरांड्यांच्या पायऱ्या लाखांनी उभ्या राहिल्या. तोवर रंगारी स्वतः सफेदा जवसाच्या तेलात घोटून रंग तयार करीत असे. पहिला हात तो टर्पेंटाइन घालून पातळ देई, म्हणजे तो लाकडात मुरे. वरच्या हातांत तेलाचे प्रमाण वाढवी. तेल आणि रंग यांचे नाते त्याच्या हातात जिवंत होते. १८६७ मध्ये तेथे तयार मिश्रित रंगाचे पेटंट निघाले आणि नंतर डबाबंद रंग सर्वत्र पोहोचला. रंग देणे सोपे झाले. आत काय आहे हे पाहण्याची गरज संपली.

दुसरी घटना सफेद्याची. सफेदा म्हणजे शिसे, आणि शिसे विष आहे. रंगाऱ्यांना पोटशूळ आणि हाताचा लुळेपणा येत असे. फ्रान्सने १९०९ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला. १९२१ मध्ये जिनीव्हा येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाच्या प्रमाणावर कडक मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये झाले. सफेदा गेला हे योग्यच झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यात कालवलेले प्लास्टिक रंग आले. ते लवकर वाळतात, वास येत नाही, भिंतीवर उत्तम बसतात. परंतु त्यांचा तेलाशी काहीच संबंध उरला नाही. तेल पाजलेल्या अर्धवट ओल्या लाकडावर असा रंग दिला तर तो धरत नाही. रंग की तेल, असा वाद येथे जन्माला आला.

अमेरिकेच्या वनविभागाने १९१० मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे लाकडाची प्रयोगशाळा स्थापन केली. तेथील दीर्घ निरीक्षणांतून जुन्या शहाणपणाला शास्त्राचा आधार मिळाला. चालण्याच्या उघड्या फळ्यांवर पापुद्रा धरणाऱ्या रंगापेक्षा मुरणारे, रंगद्रव्ययुक्त द्रव्य बरे, असे त्या प्रयोगशाळेचे सांगणे आहे. १९५० च्या दशकात तिने जवसाचे तेल, मेण, रंगद्रव्य आणि बुरशीनाशक यांचे एक मिश्रण प्रचारात आणले. त्यातील बुरशीनाशक घातक असल्याने पुढे मागे पडले आणि २०१५ मध्ये स्टॉकहोम करारान्वये त्यावर जागतिक निर्बंध आले. मिश्रणामागील कल्पना मात्र थिओफिलसचीच होती : तेल आत, रंगाची पूड वर.

दोहोंचा मेळ

या साऱ्या इतिहासाचा आपल्या अंगणातील जिन्याला काय उपयोग, असे वाचक विचारतील. उपयोग असा की एकाच जिन्यावर दोन्ही द्रव्ये नांदू शकतात, फक्त त्यांची जागा ठरवून दिली पाहिजे. पाय पडतो ती आडवी फळी तेलाची. पाय पडत नाही त्या उभ्या फळ्या, बाजूचे तिरपे आधार आणि कठडा रंगाचे. जहाजावर हीच वाटणी होती.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. काम पावसाळा संपून लाकूड पुरते वाळल्यावरच, हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात काढावे. जुना रंग निघत असेल तर तो कोरडा घासू नये. त्यात शिसे असण्याचा संभव असतो. ओला करून घासावा, मुलांना दूर ठेवावे आणि निघालेला चुरा अंगणात पडू देऊ नये. फळ्यांची कापलेली टोके आणि सांधे यांना पाणी अडविणारे बुरशीनाशक द्रव्य भरपूर पाजावे, कारण रोग तेथूनच शिरतो. रंगवावयाच्या भागांना आधी अस्तर, मग रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. सर्वांत शेवटी पायफळ्यांना बाहेरच्या लाकडासाठी मिळणारे रंगद्रव्ययुक्त, बुरशीनाशक मिसळलेले तेल द्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरले नाही ते पुसून घ्यावे. पुसले नाही तर पायरी चिकट राहते. रंग आधी आणि तेल नंतर, हा क्रम मोडू नये. तेलाचा ओघळ वाळल्या रंगावरून पुसता येतो, पण तेलकट लाकडावर रंग बसविता येत नाही. पायफळ्यांना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी तेलाचा एक हात पुरे.

येथे एक धोक्याची सूचना देणे आवश्यक आहे. जवसाचे तेल प्राणवायू शोषताना उष्णता निर्माण करते. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. फेब्रुवारी १९९१ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात एका उंच इमारतीला अशाच चिंध्यांमुळे आग लागली आणि अग्निशमन दलाच्या तीन जवानांना प्राण गमवावे लागले. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

याशिवाय दोन गोष्टी कोणत्याही डब्यात मिळत नाहीत. खालची पायरी मातीवर न टेकता दगडावर टेकावी आणि प्रत्येक फळीला पुढच्या बाजूस किंचित उतार असावा, म्हणजे पाणी साचणार नाही. नॉर्वेच्या सुतारांनी लाकूड मातीपासून उचलले तेच येथे करावयाचे आहे.

आपल्या वस्त्यांतील लाकडी जिने झपाट्याने जात आहेत. कित्येक घरे सिमेंटची झाली आणि ते स्वाभाविकही आहे. पण जे जिने उरले आहेत त्यांपैकी पुष्कळ जिने आयुष्य संपल्यामुळे न जाता चुकीच्या निगेमुळे जातात. ज्या पायरीवरून आजोबा-आजी रविवारी मिस्साला निघाले, जिच्यावरून नवी सून घरात आली आणि वडिलांची शवपेटी खाली उतरविली गेली, ती पायरी शाबूत राखण्यास फार पैसा लागत नाही. वर्षातून एक सकाळ, थोडे तेल आणि खाली वाकून फळीची टोके पाहण्याची सवय पुरते. येत्या उन्हाळ्यात आपल्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर, सांध्यापाशी, एखादा खिळा टोचून पाहावा. खिळा सहज आत गेला तर नवीन रंगाचा डबा आणण्याआधी सुतारास बोलवावे.